ॲन क्लिफर्डचा करीना

इंग्लंडच्या उत्तरेत, ईडन नदीच्या वळणात ॲपलबी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये मायलेकींची दोन थडगी आहेत. आईच्या थडग्यावर तिची अलाबास्टरची मूर्ती पहुडलेली आहे, त्या काळच्या उमराव बायकांची असायची तशीच. लेकीच्या थडग्यावर मूर्तीच नाही. काळ्या संगमरवराचा चौथरा, आणि मागच्या भिंतीवर चोवीस ढाली. त्या ढालींवर घराण्यांची कुलचिन्हं आहेत: कोण कुणाच्या घरची, कुणाच्या घरी दिली, कुणाचं काय घेऊन आली. मध्ययुगातल्या पूर्वजांपासून निघालेली ही माळ थेट तिच्यापर्यंत येऊन थांबते. हे थडगं तिनं हयातीतच बांधून घेतलं होतं. चेहरा नको, वंशावळ हवी, हे तिचंच म्हणणं.

ही लेडी ॲन क्लिफर्ड. जन्म १५९०, मृत्यू १६७६.

इंग्रज जमीनदार घराण्यांच्या वंशावळ्या चाळण्याचा मला जुना नाद आहे. त्यातून हाती काय लागतं, असं कुणी विचारलं तर धड उत्तर देता येत नाही. एका अर्लाचा मुलगा दुसरा अर्ल, त्याला मूल नाही म्हणून पुतण्या तिसरा अर्ल, असं पानोपानी चालतं. आणि त्यातलं सगळंच खरं असतं असंही नाही. मेंढ्या पाळून गबर झालेल्या स्पेन्सर मंडळींना सोळाव्या शतकाच्या शेवटी मध्ययुगीन डिस्पेन्सर उमरावांचे वंशज ठरवून देणारा माणूस राजदरबारचा अधिकृत कुलचिन्ह-अधिकारी होता. फील्डिंग घराणं तर आपला संबंध थेट ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांशी लावत असे, आणि भलेभले विद्वान त्यावर विश्वास ठेवत. होरेस राउंड नावाच्या खवट इतिहाससंशोधकानं पुढे या दोन्ही कथांची पिसं काढली. पैसा आला की पूर्वज मागून येतात, हे आपल्याकडेही कुणाला नवं नाही.

तरी मी वाचतो. कदाचित आमच्या माळ्यावरच्या कुलवृत्तांतामुळे. त्या जाड खंडात मुलग्यांच्या फांद्या पानं ओलांडून जातात. मुलीचं मात्र नाव, कंसात सासरचं नाव, आणि पूर्णविराम. लहानपणी मला वाटायचं, त्या पूर्णविरामापाशी त्या बायका मरत असाव्यात. ॲन क्लिफर्डमध्ये मी गुंतलो तो याच पूर्णविरामामुळे. तिनं तो मानला नाही, आणि त्यापायी जवळजवळ चाळीस वर्षं भांडली.

मुळात ॲपलबीभोवतालच्या वेस्टमोर्लंड परगण्यातली क्लिफर्डांची जमीन आली कुठून? एका मुलीकडून. १२०३ मध्ये राजा जॉननं रॉबर्ट द विपाँट या आपल्या विश्वासातल्या माणसाला वेस्टमोर्लंडचे किल्ले दिले आणि तिथलं शेरीफपदही, म्हणजे राजाच्या वतीनं परगण्याचा कारभार पाहण्याचं काम, वंशपरंपरागत करून दिलं. पुढे त्याच्या नातवानं राजाविरुद्धच्या बंडात भाग घेतला आणि १२६४ मध्ये तो मेला. मागे राहिल्या इझाबेला आणि इडोनिया या दोन पोरक्या मुली. राजानं त्यांचं पालकत्व दोन सरदारांना वाटून दिलं, आणि दोन्ही पालकांनी आपापल्या ताब्यातली मुलगी आपापल्या मुलाला करून टाकली. इतका सरळ व्यवहार. त्यातली इझाबेला क्लिफर्डांकडे आली. इडोनियाला मूलबाळ झालं नाही, तेव्हा तिच्या मागे तिचा वाटाही क्लिफर्डांकडेच आला. म्हणजे ज्या वतनावर पुढे ‘मुलगी कशी बसेल’ म्हणून वाद झाला, ते वतन दोन मुलींच्या पदरातूनच घरात आलं होतं. ॲनला हे तोंडपाठ होतं.

इझाबेलाचा मुलगा रॉबर्ट याला दुसऱ्या एडवर्डनं १३१० मध्ये यॉर्कशरमधला स्किप्टनचा किल्ला दिला. चारच वर्षांनी बॅनकबर्नच्या लढाईत तो पडला. या घराण्याला अंथरुणात मरायची सवय बेतानंच होती. इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांत झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धा’त आठवा लॉर्ड १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्सला पडला. त्याचा मुलगा, नववा लॉर्ड, शत्रूंनी ज्याला खाटीक म्हटलं तो, १४६१ मध्ये टॉवटनच्या लढाईच्या आदल्या दिवशी फेरीब्रिजला. त्याचा लहानगा मुलगा हेन्री सूडाच्या भीतीनं धनगरांत लपवून वाढवला अशी कथा आहे. १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आला तेव्हा या ‘धनगर लॉर्ड’ला सगळं परत मिळालं. त्याचा मुलगा १५२५ मध्ये कंबरलंडचा पहिला अर्ल झाला. आणि त्या पहिल्या अर्लाचा नातू जॉर्ज, तिसरा अर्ल, हा ॲनचा बाप.

जॉर्ज क्लिफर्डबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. एलिझाबेथ राणीचा हा लाडका सरदार. दरबारी द्वंद्वांत तिच्या वतीनं उतरणारा मानकरी. बाकी वेळ समुद्रावर स्पॅनिश जहाजं लुटणारा सनदशीर चाचा. १५९८ मध्ये त्यानं प्वेर्तो रिकोतला सान हुआनचा किल्ला घेतला. रोगराईनं माणसं मरायला लागली तेव्हा सोडूनही दिला. लुटीतून मिळवलं त्याहून जास्त त्यानं मोहिमांत आणि शर्यतींत घालवलं. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, त्या सनदेत सर्वांत पहिलं नाव आहे ‘जॉर्ज, अर्ल ऑफ कंबरलंड’, आणि त्यामागे लंडनचे दोनशे पंधरा सरदार आणि व्यापारी. त्यानं बांधून घेतलेलं ‘मॅलिस स्कर्ज’ हे जहाज कंपनीनं ३,७०० पौंडांना विकत घेतलं, त्याचं नाव बदलून ‘रेड ड्रॅगन’ केलं, आणि १६०१ मध्ये कंपनीच्या पहिल्या सफरीचं तेच मुख्य जहाज झालं. हेच जहाज १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या पाण्यात पोर्तुगीजांशी लढलं, आणि त्या झटापटीनंतर इंग्रजांना सुरतेत वखारीसाठी पाय रोवता आला. क्लिफर्डांच्या वंशावळीत याची नोंद अर्ध्या ओळीचीसुद्धा होत नाही, कारण त्यातून त्यांना जमीन मिळाली नाही.

जॉर्जला दोन मुलगे झाले, दोन्ही लहानपणीच गेले. उरली ॲन. १६०५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्ज वारला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मृत्युपत्र उघडलं तर सगळी मालमत्ता जॉर्जचा धाकटा भाऊ, ॲनचा काका फ्रान्सिस याच्या नावे, अर्लपद तर त्याच्याकडे जाणारच होतं. ॲनला रोख १५,००० पौंड. आणि एक कलम: फ्रान्सिसची पुरुषशाखा खुंटली, तर जमीन ॲनकडे यावी.

पंधरा हजार त्या काळी थोडे नव्हते. कुठल्याही उमराव मुलीचं त्यात थाटात लग्न झालं असतं, झालंही. पण जॉर्जची बायको मार्गारेट, ॲनची आई, बेडफर्डच्या रसेल घराण्यातली होती आणि कागदपत्रांच्या बाबतीत नवऱ्यापेक्षा फार तल्लख. तिचं म्हणणं होतं की ही जमीन जॉर्जला हवी तशी देताच येत नव्हती. दुसऱ्या एडवर्डच्या काळातल्या बंधनानुसार ती ‘देहाच्या वारसां’कडे उतरायची होती, आणि देहाचे वारस म्हणजे फक्त मुलगे असं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इथे कायद्याची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण ती कळल्याशिवाय कुठलीच इंग्रज वंशावळ वाचता येत नाही. जमीन एका विशिष्ट रेषेतूनच उतरेल, मधल्या माणसाला ती विकता वा उडवता येणार नाही, अशी गाठ १२८५ च्या एका कायद्यानं मारता येऊ लागली. याला एन्टेल म्हणतात. गाठ दोन प्रकारची: एकीत फक्त पुरुषवारस चालतो, दुसरीत कुठलंही औरस मूल. मुलगे असतील तर थोरल्याला सगळं, धाकट्यांना काही नाही. मुलीच असतील तर गंमत वेगळी. त्यांच्यात थोरली-धाकटी नाही, सगळ्या सारख्या वाटेकरी. पंधराव्या शतकापर्यंत वकिलांनी ही गाठ सोडवायच्या लटक्या दाव्यांच्या युक्त्याही शोधून काढल्या होत्या. क्लिफर्डांच्या खटल्याचा सगळा कीस या दोन प्रश्नांवर: गाठ कुठल्या प्रकारची होती, आणि जॉर्जनं ती नियमानुसार सोडवली होती का?

आईनं लंडनच्या टॉवरमधल्या राजदप्तरातून जुन्या सनदांच्या नकला काढवल्या. विद्वान लोक कामाला लावले. तीन-चारशे वर्षांपूर्वी कोण मेलं, तेव्हा त्याच्या जमिनीची चौकशी कुणी केली, वारस म्हणून कुणाचं नाव लागलं, हे एकेक करून जमवलं. आपल्याकडे वतनाचा तंटा लागला की पाटील-देशमुख जो करीना मांडत, ‘आपले मूळ पुरुष अमुक, त्यांस तमुक पातशहाने’ असं सुरू करून पिढ्यांचा पाढा वाचत, तेच हे. जेध्यांचा करीना वाचलेल्या माणसाला क्लिफर्डांचे कागद परके वाटणार नाहीत. मूळ पुरुष, सनद, शिक्का, दगा, पुन्हा सनद. त्यातला इतिहास खरा असतो, पण तो आठवण म्हणून लिहिलेला नसतो, तो फिर्याद म्हणून लिहिलेला असतो.

१६०९ मध्ये ॲनचं लग्न रिचर्ड सॅकव्हिलशी झालं. दोनच दिवसांत त्याचा बाप वारला आणि तो डॉर्सेटचा तिसरा अर्ल झाला. केंटमधलं नोल हे अवाढव्य घर तिचं सासर. नवरा देखणा, शौकीन आणि जुगारी. त्याला उत्तरेतल्या पावसाळी किल्ल्यांचं काय कौतुक? त्याला तडजोड हवी होती. दावा सोडला की काकाकडून रोख मिळणार, आणि बायकोची रोख म्हणजे नवऱ्याची रोख. मग दबाव सुरू झाला. १६१६ च्या फेब्रुवारीत कँटरबरीचे आर्चबिशप जातीनं समजावायला आले. ॲननं सांगितलं, आईला विचारल्याशिवाय काही सांगणार नाही. ती उत्तरेला गेली, आईला भेटली, आणि २ एप्रिलला ब्रूमच्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर रस्त्यात दोघींनी निरोप घेतला. पुढच्याच महिन्यात आई वारली. त्याच मे महिन्यात नवऱ्यानं तिची पावणेदोन वर्षांची मुलगी मार्गारेट तिच्यापासून काढून घेतली. ॲनच्या रोजनिशीत हे सगळं आहे, आणि त्याच पानांवर कुठला झगा घातला, पत्त्यांत किती हरले, हेही आहे. रडल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. तडजोडीवर सही केल्याची एकही नाही.

१६१७ च्या जानेवारीत प्रकरण राजा पहिल्या जेम्सपर्यंत गेलं. राणीनं ॲनला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं की सगळं राजाच्या हाती सोपवू नकोस, तो फसवेल. राजानं नवरा-बायकोला बोलावलं, दोघं गुडघे टेकून बसली. नवऱ्यानं मान डोलावली. ॲन म्हणाली, महाराजांनी क्षमा करावी, जिवंत असेपर्यंत मी कुठल्याही अटीवर वेस्टमोर्लंड सोडणार नाही. राजानं गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं. पुढच्या भेटीत काका, चुलतभाऊ, वकील, न्यायाधीश, झाडून सगळे पुरुष होते; राजा इतका भडकला की नवऱ्यानंच तिला बाहेर काढलं, उगाच चारचौघांत अपमान नको म्हणून. मार्चमध्ये राजाचा निवाडा आला. जमीन काकाला आणि त्याच्या पुरुषवारसांना, पैसे ॲनच्या नवऱ्याला, आणि पुरुषवारस संपले तर ॲनला. तिनं तो मान्य केला नाही. तिनं मान्य न केल्यानं निवाड्याला काही फरक पडला नाही.

यानंतर कथेत सव्वीस वर्षं जवळपास काही घडत नाही, म्हणजे वंशावळीत दिसेल असं. डॉर्सेट १६२४ मध्ये वारला. त्याच्यापासून झालेले तिन्ही मुलगे तान्हेपणीच गेले होते. दोन मुली जगल्या. १६३० मध्ये तिनं पेंब्रोकच्या चौथ्या अर्लाशी लग्न केलं, तोही संसार चारेक वर्षांत मोडला आणि ती वेगळी राहू लागली. काका १६४१ मध्ये गेला. त्याचा मुलगा हेन्री, पाचवा अर्ल, १६४३ च्या डिसेंबरमध्ये गेला आणि त्याच्यामागे मुलगा नव्हता.

ॲनची गोष्ट सांगणारे इथे सहसा तिला जिंकवतात. मला ते पटत नाही. ती जिंकली नाही, पुरुष संपले. मुलगी म्हणून तिचा हक्क आहे, असं मानून कुणी तिला जमीन दिली नाही. ज्या निवाड्याला ती आयुष्यभर नाकारत आली त्याच निवाड्याच्या शेवटच्या कलमानं तिला जमीन दिली. आणि आणखी एक बोचणारी गोष्ट: हेन्रीला मुलगा नव्हता, पण मुलगी होती. एलिझाबेथ. आयर्लंडच्या बॉइल घराण्यात दिलेली. म्हणजे ॲनच्या बापानं ॲनला जे ऐकवलं तेच आता एलिझाबेथच्या वाट्याला आलं, आणि लाभार्थी होती ॲन. दोघींच्या घरांत यॉर्कशरच्या क्रेव्हन भागातल्या जमिनींवरून पुढे बरीच वर्षं धुसफूस चालली. बॉल्टन ॲबी वगैरे भाग एलिझाबेथकडे राहिला. ॲननं या चुलत पुतणीबद्दल कधी ‘बिचारी’ म्हटल्याचं मला आढळलं नाही.

जमीन नावावर झाली तेव्हा देशात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं होतं, त्यामुळे सहा वर्षं ती लंडनमध्येच अडकली. तो वेळ तिनं वाया घालवला नाही. १६४६ मध्ये तिनं एक प्रचंड तीनपदरी चित्र काढवून घेतलं; ते आज केंडलला आहे. डाव्या बाजूला पंधरा वर्षांची ॲन, भोवती पुस्तकं आणि वाद्य. उजव्या बाजूला छप्पन्न वर्षांची ॲन, भोवती आणखी पुस्तकं, थोडी विस्कटलेली. मधल्या मोठ्या भागात आईवडील आणि दोघे भाऊ, आणि आईच्या पोटात, न दिसणारी, ॲन. मधली चाळीस वर्षं, दोन लग्नं, पाच मेलेली मुलं, यांतलं त्या तीन भागांत काही नाही; दोन नवरे भिंतीवरच्या लहान तसबिरींत उरले आहेत. चित्राच्या कडांनी ढाली आणि बारीक अक्षरांत वंशावळ. याच काळात आईनं जमवलेले कागद आणि पुढे शोधलेले कागद एकत्र करून तिनं तीन मोठे हस्तलिखित ग्रंथ सिद्ध करवले, त्यांच्या अनेक प्रती काढल्या. रॉजर डॉड्सवर्थ हा त्या काळचा नावाजलेला जुन्या कागदांचा जाणकार तिच्या मदतीला होता. राजा जॉनच्या सनदेपासून तिच्या स्वतःच्या चरित्रापर्यंत सगळं त्यात आहे. गंमत अशी की खटला संपला होता. आता हा करीना कुणापुढे मांडायचा होता?

मला वाटतं, विपाँटांच्या त्या दोन मुलींपुढे. ॲनच्या ग्रंथात इझाबेलाला असलेलं स्थान पाहिलं की हे जाणवतं. इझाबेलाचं शेरीफपद ती आवर्जून मांडते. शेरीफपद बाईकडे असू शकतं याचा तो दाखला होता, आणि ॲन आता स्वतः वेस्टमोर्लंडची शेरीफ होती.

१६४९ च्या जुलैमध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, ती उत्तरेला गेली आणि परत दक्षिणेला आली नाही. स्किप्टनचा किल्ला तीन वर्षांच्या वेढ्यानंतर पार्लमेंटच्या सैन्यानं मोडकळीला आणला होता. तिनं तो पुन्हा उभारला. वर तोफा चढवता येऊ नयेत म्हणून छतं हलकीच ठेवावी लागली. स्किप्टन, ॲपलबी, ब्रूम, ब्रॉ, पेंड्रॅगन: एकापाठोपाठ एक किल्ले राहते केले. पडकी चर्चं बांधली. ॲपलबीला विधवांसाठी घरं बांधली, ती अजून वापरात आहेत. प्रत्येक इमारतीवर दगडी पाटी: अमुक लॉर्डची मुलगी, अमुक-तमुकांची वारस हिनं, इतकी वर्षं पडून राहिल्यावर, हे दुरुस्त केलं. १६५९ मध्ये स्किप्टनच्या आतल्या चौकात यू वृक्ष लावला, तो आजही तिथे आहे. आईचा निरोप घेतला त्या जागी १६५६ मध्ये खांब उभारला आणि ब्रूमच्या गरिबांना दरसाल २ एप्रिलला चार पौंड वाटण्याची व्यवस्था केली. ती रक्कम अजून तेवढीच आहे आणि अजून वाटली जाते. महागाईचा निर्देशांक धर्मादायाला लावायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नसावं.

पण रयतेशी? तिथे ती पक्की जमीनदारीण होती. वेस्टमोर्लंडच्या कुळांनी जास्तीचा खंड द्यायला नकार दिला तेव्हा तिनं त्यांना वर्षानुवर्षं लंडनच्या कोर्टात खेचलं. एक कथा फार सांगतात. मर्गट्रॉइड नावाच्या कापडवाल्यानं जमिनीच्या बदल्यात दरसाल द्यायची एक कोंबडी द्यायला नकार दिला. बाईंनी शेकडो पौंड खर्चून दावा लढवला, जिंकला, आणि मग त्याला जेवायला बोलावून तीच कोंबडी शिजवून दोघांनी मिळून खाल्ली. कथा पदरची असेल. तिच्या स्वभावाशी मात्र इतकी जुळते की खोटी ठरवायला जीव होत नाही. जुन्या हक्काची कोंबडी सोडली की उद्या जुन्या हक्काची जमीन सुटते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. काकानं तिचा हक्क असाच तर मोडीत काढला होता. तिला स्त्रियांच्या हक्कांची आद्य सेनानी वगैरे म्हणतात तेव्हा मी त्या कुळांच्या बायकांचा विचार करतो. तिला समता नको होती, क्लिफर्डांचं रक्त हवं होतं. ते रक्त तेवढ्यापुरतं एका बाईत होतं, इतकंच.

म्हातारपणीच्या रोजनिशीत ती रोज त्याच तारखेला पूर्वी काय झालं ते लिहिते: आजच्या दिवशी साठ वर्षांपूर्वी मी अमुक ठिकाणी होते, नवरा अमुक म्हणाला. शेवटचं पान २१ मार्च १६७६ चं: आज मी खोलीबाहेर पडले नाही. दुसऱ्या दिवशी ब्रूमच्या किल्ल्यात, जिथे तिचा बाप जन्मला आणि आई मेली त्याच खोलीत ती गेली.

ॲनची तरुणपणीची रोजनिशी १९२३ मध्ये संपादून छापली ती व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिनं. ॲनच्या त्या पहिल्या सासरची, नोलमध्येच जन्मलेली आणि आईबापांची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, तिचे वडील वारले. नोल गेलं काकांकडे, तिला मिळालं नाही. मुलगी म्हणून. तीनशे वर्षांत राज्यघटना बदलली, मताधिकार आला, त्याच १९२८ मध्ये इंग्लंडच्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं; नोलचा जिना मात्र ज्याचा होता त्याचाच राहिला. पुढे २०१३ च्या कायद्यानं राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद काढला, पण तो फक्त राजगादीपुरता.

मुलगा नसणं ही इंग्रज उमरावांची इतकी घरगुती धास्ती होती, तरी दत्तक हा उपाय त्यांच्या कायद्यात नव्हता. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकविधान आलं १९२६ मध्ये. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४८ मध्ये मरणसमयी दत्तक घेतला आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं, त्यामागे राजकारण होतं हे उघडच आहे. पण ज्या जगात रक्ताबाहेरचा मुलगा वारस होऊच शकत नाही अशा जगात तो वाढला होता, हेही खरं. खुद्द डलहौसी, स्कॉटिश घराण्यातला, १८६० मध्ये वारला. दोन मुली, मुलगा नाही. त्याला मिळालेला मार्क्विस हा किताब त्याच्याबरोबरच खालसा झाला.

क्लिफर्डांचं पुढे काय झालं? ॲनची जमीन थोरल्या मुलीकडून थॅनेटच्या अर्लांकडे, टफ्टन घराण्याकडे गेली. नातवंडांपैकी चौघे भाऊ एकामागून एक थॅनेटचे अर्ल झाले, आणि वेस्टमोर्लंडचे शेरीफही. १८४९ मध्ये अकरावा अर्ल अविवाहित वारला. किताब संपला, साडेसहा शतकांचं वंशपरंपरागत शेरीफपदही संपलं. जमीन मात्र मृत्युपत्रानं गेली रिचर्ड टफ्टनकडे, जो अर्लाचा अनौरस मुलगा मानला जातो. ज्या वतनासाठी औरस मुलीला चाळीस वर्षं थांबावं लागलं ते अनौरस मुलाला एका सहीनं मिळालं. तोवर मृत्युपत्रं जास्त कडक झाली होती आणि सनदा सैल.

एलिझाबेथच्या, म्हणजे त्या दुसऱ्या मुलीच्या बाजूनं पाहिलं तर बॉल्टन ॲबी बॉइलांकडे राहिलं. १७५३ मध्ये त्यांचीही पुरुषशाखा संपली आणि शार्लट बॉइल या मुलीमार्फत ते डेव्हनशरच्या कॅव्हेंडिशांकडे आलं, आजही त्यांच्याकडेच आहे.

आणि किताब? कंबरलंडचं अर्लपद १६४३ मध्ये हेन्रीबरोबर गेलं. ॲनच्या पहिल्या नवऱ्याचं डॉर्सेट, जे पुढे ड्यूकपदापर्यंत चढलं होतं, १८४३ मध्ये गेलं. थॅनेट १८४९ मध्ये. पेंब्रोक टिकलं, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी पुरुष सापडत गेला. पण क्लिफर्डांच्या मूळ नावाचा जो जुना बॅरनचा किताब होता, तो मुलींकडूनही उतरणारा होता. ॲन स्वतःला त्याचीच मानकरी म्हणवायची. १६९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो तिच्या नातवाचा आहे असं ठरवलं. १७२९ मध्ये शेवटच्या भावाला नुसत्या मुलीच उरल्या. मुली सारख्या वाटेकरी, आणि किताबाचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून तो स्थगित झाला; पाच वर्षांनी राजानं त्यांतल्या एकीला तो दिला. मग पुन्हा मुली, पुन्हा स्थगिती, पुन्हा कुणा एका शाखेला बहाल. १८३३ मध्ये असाच तो सोफिया कूसमेकर या बाईंकडे आला. आडनाव दर खेपेला बदललं, टफ्टन, कोक, साउथवेल. सोफियाबाईंचा नवरा होता जॉन रसेल, बेडफर्डच्या ड्यूकांच्या घरातला. आजचे बॅरन द क्लिफर्ड त्यांचे वंशज, आडनाव रसेल. ॲनच्या आईचं माहेर तेच.